आमची वाटचाल : कापसाच्या गावातलं मोबाईलचं दुकान

आमचं दुकान आर्णी तालुक्यात, नागपूर-तुळजापूर रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका गावात आहे. बोर्डावर मोबाईल रिपेअरिंग, सीसीटीव्ही, मोबाईल स्टार्टर, पीक विमा असं बरंच काही रंगवलेलं आहे, पण म्हातारी माणसं अजून आम्हाला 'एसटीडीवाले'च म्हणतात. बाबांनी 1996 साली पीसीओ, म्हणजे पैसे देऊन बोलायचा सार्वजनिक फोन, घेतला तेव्हा गावात फोन होता ग्रामपंचायतीत, सोसायटीत आणि आमच्याकडे. त्या काळातली एखादी लग्नपत्रिका घरात सापडली तर बघा, खाली 'पी.पी.' (म्हणजे दुसऱ्याच्या फोनवर बोलावून घ्यायचं) लिहून आमचाच नंबर छापलेला असेल.

फोन आला की मी सायकल काढायचो. "काका, पुण्याहून फोन आहे, दहा मिनिटांनी परत येते म्हणे." बोलावून आणण्याचे दोन रुपये वेगळे. मयतीची बातमी असली तर बाबा पैसे घेत नसत आणि निरोप सांगायला स्वतः जात. रात्री उशिरा एसटीडीचा, म्हणजे बाहेरगावच्या फोनचा, दर चौथाईवर यायचा, तेव्हा दुकानासमोरच्या बाकावर गर्दी व्हायची आणि मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत लोक बोलणं आवरायचे.

मोबाईल देशात आला 1995 मध्ये. 31 जुलैला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखरामांना पहिला फोन केला. आमच्या गावाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ज्याला फोन यायचा त्यालाही मिनिटाचे पैसे पडत, असला फोन आमच्याकडे कोण घेणार? 1 मे 2003 पासून इनकमिंग फुकट झालं, आणि जुलैत रिलायन्सची 501 रुपयांची योजना आली. मोबाईल तेव्हा स्वस्त झाला असं सगळे म्हणतात. आमच्या गल्ल्याचा अनुभव वेगळा आहे.

501 रुपयांत फोन हातात यायचा, पण मागाहून दर महिन्याचं बिल. ते परवडलं गुरुजींना, ग्रामसेवकाला, एसटीच्या कंडक्टरला, म्हणजे एक तारखेला पगार होणाऱ्यांना. कास्तकाराच्या घरी पैसा येतो दिवाळी ते संक्रांत, कापूस-सोयाबीन-तूर निघाली की. आषाढात घरात रोकड नसते, असते ती कृषी केंद्राची उधारी. प्रीपेडचं तसंच. तीनशेच्या घरातलं कार्ड टाका, महिना संपला की व्हॅलिडिटी खलास, उरलेला बॅलन्स असून नसल्यासारखा. एक काका चिडून म्हणाले होते, "मी बोललोच नाई, तं माहे पैसे गेले कुठं बाप्पा?" त्यांना काय उत्तर द्यावं हे मला आजही सुचत नाही.

आमच्या गावात मोबाईल खरा शिरला 2005 च्या शेवटी-शेवटी, कंपन्यांनी 'लाइफटाइम' काढलं तेव्हा. एकदा हजाराच्या आसपास भरा, इनकमिंग चालू राहणार. त्याच सुमारास दहा रुपयांचं रिचार्ज सुरू झालं. दहात सात-साडेसात रुपयांचाच टॉकटाइम मिळायचा, तरी हप्त्याची मजुरी घेऊन बाजाराला आलेली बाई दहा रुपये काढून देऊ शकायची. लाइफटाइमचं सिम लोकांनी कापूस विकल्यावर घेतलं आणि वर्षभर दहा-दहावर चालवलं. बाकीचं काम मिसकॉल करायचा. एक मिसकॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे डबा पाठवा. 2009 मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा केला तेव्हा तर लोक वीस सेकंदांत अडत्याकडून भाव विचारून फोन ठेवायला शिकले.

दहा रुपयांवर आम्हाला तीसेक पैसे सुटत. बाबांना हा धंदा पोरखेळ वाटायचा. पण दिवसभर दुकानापुढची गर्दी हटत नव्हती, आणि आलेला माणूस काहीतरी घेऊनच जायचा. आधी चांदी खरवडायची कार्डं होती. आकडे बारीक, चष्मा घरी राहिलेला, म्हणून नंबर आम्हीच दाबून द्यायचो. नंतर ई-रिचार्ज आलं तेव्हा नंबर चारचौघांत मोठ्यानं सांगावा लागे. पोरीबाळींना ते नको वाटायचं, म्हणून बहिणीनं एक वही ठेवली: नंबर तिथं लिहायचा, वही काउंटरच्या आत राहायची. रिचार्जचा धंदा टिकला त्यात त्या वहीचा वाटा मोठा आहे.

हँडसेटमध्ये नोकिया 1100 चं नाव घ्यायलाच पाहिजे. शेतीपंपाची लाइन रात्रीची, हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारात जायचं, त्यात वर टॉर्च आणि धूळ न शिरणारा कीपॅड. दुसऱ्या फोनवर सूट दिली तरी लोक ऐकत नसत. मी नागपूरला सीताबर्डीवर जाऊन सुटे भाग आणायचो, रिपेअरिंगही तिथल्याच एका उस्तादाकडे शिकलो. 'चार्जच होत नाही' म्हणून आलेल्या फोनमध्ये वेचणीच्या दिवसांत पहिलं काम म्हणजे सुई. बंडीच्या खिशातली रुई चार्जिंग पिनमध्ये दाबून बसलेली असते. सुईनं ती ओढून काढली की फोन चालू. याचे पैसे आम्ही घेत नाही, पाच मिनिटांचं काम आहे.

लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टर घेतला आणि पाच रुपयांत चार्जिंग सुरू केलं. फळीवर फोन रांगेनं, प्रत्येकाला चिकटपट्टी, त्यावर नाव. सगळेच नोकिया, सगळ्यांत तीच बीएल-5सी बॅटरी. नाव नसतं तर दररोज भांडण झालं असतं.

मधल्या काळात मोठ्या आवाजाचे चायनाचे फोन आले. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, नसलेले 2009 च्या शेवटी बंद पडले, तेव्हा लोकांच्या शिव्या आम्ही खाल्ल्या. एका कंपनीनं गाशा गुंडाळला त्यात आमचा डीलर बॅलन्स, म्हणजे रिचार्ज विकायला आधी भरून ठेवलेला पैसा, अडकला, तो आजपर्यंत आला नाही. धंद्यात हे चालायचंच, असं म्हणणाऱ्याचा बॅलन्स कधी अडकलेला नसतो.

2016 मध्ये जिओ आलं आणि पोट्ट्यांची चंगळ झाली. डेटा स्वस्त झाला, हे नाकारायचं कारण नाही. पण 2018 च्या शेवटी कंपन्यांनी इनकमिंगसाठीही दर महिन्याला किमान रिचार्ज लावलं आणि आमचं जुनं गिऱ्हाईक परत 2003 मध्ये जाऊन उभं राहिलं. आता तर महिनाही अठ्ठावीस दिवसांचा. आषाढात सिम बंद पडतं, आणि नेमका तेव्हाच पीक विम्याचा ओटीपी त्या नंबरावर जायचा असतो.

तरुण मंडळी रिचार्ज फोनवरूनच मारतात, त्यात आम्हाला काही मिळत नाही. आमचं पोट आता रिपेअरिंगवर, कॅमेऱ्यांवर आणि मोबाईल स्टार्टरवर आहे. घरून फोन लावला की शेतातली मोटर चालू होते, त्यामुळे थंडीत रात्रीची एक चक्कर वाचते. 2025 च्या सुरुवातीला नुसत्या कॉलिंगची वर्षभराची पॅकं आली. सध्या ती मी कापसाच्या हंगामात आवर्जून विकतो. चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, हातात असला की माणूस एकरकमी भरतो, वर्षभराची कटकट मिटते. बहिणीच्या वहीत नंबरापुढे आता संपायची तारीखही लिहिलेली असते. तारीख जवळ आली की आम्हीच फोन लावतो.