आमची वाटचाल : नीट हरायला शिकवण्याचा धंदा

चालू खातं उघडायला गेलो, तेव्हा बँकेतल्या मॅनेजरसाहेबांनी फॉर्मवरच्या 'व्यवसायाचे स्वरूप' या रकान्यावर बोट ठेवलं. "म्हणजे नक्की काय करता?" मी म्हटलं, "व्हिडिओ गेममध्ये शत्रू असतात ना, त्यांनी कधी लपायचं, कधी गोळी झाडायची, कधी पळायचं, ते आम्ही ठरवतो." साहेब जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि स्वतःच्याच हाताने त्यांनी लिहिलं : सॉफ्टवेअर.

मी आणि माझा भागीदार आधी पुण्यातच गेम कंपन्यांत नोकरीला होतो. नोकरी सोडली आणि कर्वेनगरात त्याच्या मावशीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये तीन टेबलं टाकली. पहिली दोन वर्षं मोबाइलवरच्या फुटकळ खेळांत गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही; भाडं निघत होतं.

मग युरोपातल्या एका स्टुडिओकडून मोठ्या बजेटच्या खेळातलं पोटकाम मिळालं. करारामुळे खेळाचं नाव आजही सांगता येत नाही. काम होतं नायकाच्या सोबतिणीचं. ती मागे मागे चालते, लढाईत मदत करते, मधूनच बोलते. ऐकायला सोपं वाटलं. पहिल्याच आठवड्यात कळलं, की ती दारात उभी राहते. खेळाडू खोलीत शिरला की ती उंबऱ्यावर, आणि बाहेर पडायला वळला की वाट बंद. चार महिन्यांच्या करारातले पाच आठवडे आम्ही त्या दारापायी घालवले. आधी दारांभोवतीची जागा 'थांबू नये' म्हणून आखली. मग ती दाराबाहेरच ताटकळत राहायला लागली. शेवटी तीन पायऱ्या ठरल्या. खेळाडू अंगावर येतोय असं दिसलं तर तिने आधीच बाजूला व्हायचं. जागा नसेल तर मागे सरकायचं. तेही जमलं नाही, तर त्याला तिच्या अंगातून सरळ पलीकडे जाऊ द्यायचं. तिसरी पायरी म्हणजे लबाडी आहे, पण खेळाडूला ती फारशी कळत नाही.

लबाडी हा शब्द आमच्या ऑफिसात शिवी नाही. 'द लास्ट ऑफ अस' (2013) या खेळात तुम्ही लपतछपत जात असताना तुमची सोबतीण एली शत्रूच्या डोळ्यांसमोरून धावली, तरी त्याला ती दिसत नाही. तिच्या चुकीने तुम्ही पकडले गेलात तर राग तिच्यावरच निघेल, म्हणून तसं केलंय. त्याच वर्षीच्या 'बायोशॉक इन्फिनिट'मधल्या एलिझाबेथला लढाईत सांभाळावंच लागत नाही. उलट तीच गोळ्या शोधून तुमच्याकडे फेकते. सोबती म्हणजे गळ्यातलं लोढणं, ही खेळाडूंची जुनी तक्रार या दोघींनी बरीच कमी केली. त्यांच्या प्रोग्रामरांची व्याख्यानं आम्ही रात्री जेवणानंतर एकत्र बसून पाहिली आहेत, थांबवून थांबवून.

सोबतिणीनंतर त्याच स्टुडिओने शत्रू दिले. या कामातली मेख अशी, की शत्रू हुशार करणं अवघड नाही. त्याला तुमची जागा माहीतच असते, नेम चुकण्याचं कारण नसतं. त्याने हरायचं असतं, पण हरताना खेळाडूला वाटलं पाहिजे की आपण एका तल्लख माणसाला हरवलं. 'फिअर' (2005) मधले सैनिक अजूनही नावाजले जातात. त्यांना प्रत्येक हालचाल लिहून दिलेली नव्हती. उद्दिष्ट आणि करता येण्याजोग्या कृती दिल्या होत्या, क्रम ते स्वतः जुळवत. पण माझ्या मते निम्मी जादू त्यांच्या ओरडण्यात आहे. सैनिक एकमेकांना हाका मारतात, म्हणून ते ठरवून घेरताहेत असं वाटतं. पहिल्या 'हेलो'च्या चाचणीत तर शत्रूंना नुसतं जास्त चिवट केलं, तरी खेळणाऱ्यांना ते जास्त हुशार वाटले होते.

आमच्या खेळात सहा शत्रू एकदम तुटून पडायचे आणि परीक्षक वैतागून कंट्रोलर ठेवून द्यायचे. यावर उद्योगात जुना उपाय आहे : एका वेळी दोघांनाच हल्ल्याची परवानगी, बाकीच्यांनी घिरट्या घालायच्या, धमक्या द्यायच्या. आमची सगळ्यांत जुनी प्रोग्रामर शाळेत खो-खो खेळलेली. तिने त्या परवानगीला कोडमध्ये नाव दिलं 'खो'. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. नाव नंतर बदलू म्हटलं आणि राहून गेलं.

याच सुमारास आमचं हसं झालं. खेळ पडद्यावर सेकंदाला 30 चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवतो; म्हणजे एका फ्रेमला 33 मिलिसेकंद. त्यातले बहुतेक चित्र काढण्यातच जातात, शत्रूंच्या विचारासाठी आम्हाला जेमतेम दोन मिळतात. आमचे वीस सैनिक एकाच फ्रेममध्ये वाट शोधायला लागले, की अख्खा खेळ उचकी लागल्यासारखा अडखळायचा. आता वाट शोधायलाही रांग असते.

पुढचा खेळ मध्येच बंद पडला. स्टुडिओच्या वरच्या लोकांनी ठरवलं, एका ईमेलने कळलं. दोन टप्प्यांचे पैसे अडकले, त्यातला एक कधीच आला नाही. तीन महिने पगार माझ्या सोनेतारण कर्जातून झाले, दोन चांगली मुलं सोडून गेली. त्यांना थांबा म्हणायला तोंड नव्हतं. तेव्हापासून आगाऊ रक्कम खात्यात आल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही. यावर काही गिऱ्हाइकं तुटली, तुटू दिली.

आज आम्ही अकरा जण आहोत. मावशींचा फ्लॅट सुटला, वारज्याला छोटं ऑफिस आहे. भरती करताना उमेदवाराला मी एक गोष्ट सांगतो. 2013 साली एक 'एलियन्स' खेळ आला. त्यातले परग्रहवासी मठ्ठ म्हणून चेष्टा झाली. 2018 मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की सेटिंगच्या फाइलमध्ये एका शब्दात एक अक्षर जास्तीचं पडलंय. ते खोडलं, तर तेच प्राणी बरेच शहाणे झाले. गोष्ट ऐकून जो हसतो त्याच्यापेक्षा जो गप्प होतो, तो मला जास्त पसंत पडतो.

गेल्या महिन्यात त्या जुन्या स्टुडिओने पुन्हा काम दिलं, त्याच कोडवर. मंगळवारी रात्री तिथल्या परीक्षकाची पहिली तक्रार आली. बाकी सगळी इंग्रजीत. मधला एक शब्द सोडून. 'शत्रू क्रमांक 3 खो न मिळताच उठतो.'