रिंगणातील अश्व आणि क्रॉपच्या रेघा

लोणंदचा मुक्काम आटोपून माउलींची पालखी फलटणच्या दिशेने निघते, तेव्हा तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब येथे वाटेतील पहिले उभे रिंगण होते. काही वर्षांपूर्वी तेथे टिपलेला एक फोटो माझ्याकडे मूळ दर्जात आज फक्त कापलेल्या रूपात उरला आहे. क्रॉप करताना चौकटीवर उमटणाऱ्या मार्गदर्शक रेघांविषयी, म्हणजे ओव्हरलेविषयी, मला जे सांगायचे आहे त्याची सुरुवात त्याच फोटोपासून होते.

मूळ फाइल 6000 बाय 4000 पिक्सेलची होती. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व डावीकडून उजवीकडे धावत होता आणि त्याचा डोळा चौकटीच्या मध्यापासून किंचित उजवीकडे आला होता. धावणाऱ्या प्राण्याच्या पुढे मोकळी जागा ठेवावी आणि त्याचा डोळा तृतीयांशाच्या रेघा, म्हणजे चौकटीचे आडवे आणि उभे तीन समान भाग करणाऱ्या रेघा, जेथे एकमेकींना छेदतात तेथे आणावा, हे दोन्ही नियम मला तेव्हा पाठ होते. म्हणून मी डावी बाजू जवळजवळ एक-तृतीयांश कापली आणि 3:2 हे प्रमाण कायम राहावे म्हणून तेवढाच भाग खालूनही कापला. डोळा वरच्या डाव्या छेदबिंदूवर अचूक बसला. मात्र चौकटीचे निम्म्याहून अधिक क्षेत्रफळ गेले आणि 24 मेगापिक्सेलचे 11 उरले. फोटोशॉपमध्ये कापलेले पिक्सेल कायमचे काढून टाकण्याच्या पर्यायावर टिक होती, मी त्याच नावाने फाइल सेव्ह केली आणि पुढच्या कामासाठी कार्डही फॉरमॅट केले.

त्याच संध्याकाळी, कापण्यापूर्वी, मी तो फोटो आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. आठवडाभराने मी तिला मोठी प्रिंट नेऊन दिली, तेव्हा तिने चष्मा लावून बराच वेळ ती न्याहाळली आणि विचारले, "अरे, ती वाकलेली म्हातारी कुठं गेली रं? माती कपाळाला लावणारी?" तिच्या मोबाइलमधील 1600 पिक्सेल रुंदीच्या प्रतीत, खालच्या डाव्या कोपऱ्यात, एक वृद्ध वारकरी स्त्री खाली वाकून नुकत्याच पुढे गेलेल्या अश्वाच्या टापेखालची माती चिमटीत घेत होती. तिच्या तर्जनीला माती लागली होती आणि तुळशीची माळ मनगटावर घसरली होती. उभ्या रिंगणात अश्व पुढे गेल्यावर लोक ती धूळ मस्तकी लावतात, हे आमच्या भागातील लहान मुलालाही ठाऊक असते. मी चौकटीत फक्त अश्व पाहिला होता, आणि आत्याने रिंगण पाहिले होते.

ती लहान प्रत मी नंतर लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि क्रॉपच्या साधनात ओ हे बटण दाबत एकेक ओव्हरले तिच्यावर ठेवून पाहिला. तृतीयांशाच्या रेघांनी काहीच नवे सांगितले नाही. पण तिरप्या रेघांचा ओव्हरले आला, तेव्हा मी थांबलो. लाइटरूममधील हा ओव्हरले आयताच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारा कर्ण दाखवत नाही; तो प्रत्येक कोपऱ्यातून 45 अंशांची रेघ काढतो, म्हणजेच कोपऱ्याचा काटकोन बरोबर दुभागतो. नेदरलँड्सचे एडविन वेस्टहॉफ यांनी ही पद्धत मांडली आणि तिचा रोख मुख्यतः डोळे, बोटे अशा बारीक, भावपूर्ण तपशिलांवर आहे. माझ्या फोटोत खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेली रेघ त्या स्त्रीच्या चिमटीवरून वर चढत थेट अश्वाच्या डोळ्याजवळून जात होती. रेघेने ही रचना घडवली नव्हती. दोन गोष्टींमध्ये मी न पाहिलेले जे नाते आधीपासून होते, ते तिने माझ्यासमोर ठेवले. तेव्हापासून मी ओव्हरलेकडे बघण्याची पद्धत बदलली. फोटो कोणत्या रेघेवर बसतो हे शोधण्याआधी, ती रेघ चौकटीतील कोणकोणत्या गोष्टींना जोडते हे मी शोधतो, आणि ते कळेपर्यंत कडांना हात लावत नाही.

तृतीयांशाचा नियमही आपण मूळ अर्थापेक्षा फार आखडून वापरतो, असे माझे मत आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने 1797 मध्ये या नियमाला हे नाव दिले, तेव्हा त्याचा भर जागेच्या वाटणीवर होता: जमीन आणि पाणी मिळून एक-तृतीयांश असेल तर हवा आणि आकाश दोन-तृतीयांश, अशा प्रकारची ती मांडणी होती. चार छेदबिंदूंवर विषय आणून ठेवण्याची सवय आपण नंतर लावून घेतली. कासच्या पठारावर याचा प्रत्यय येतो. सप्टेंबरमध्ये तेरड्याने गुलाबी झालेल्या सड्यावर एकही फूल असे नसते, जे छेदबिंदूवर आणून ठेवावे. तेथे प्रश्न एवढाच असतो की फुलांना दोन वाटे द्यायचे की ढगांना. आणि तो प्रश्न सोडवायला दोन आडव्या रेघा पुरतात, उभ्या दोन्ही रेघांकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

क्षितिज सरळ करताना जाळीचा ओव्हरले लागतो. चौकटीच्या बाहेर कर्सर नेऊन फोटो फिरवू लागले की लाइटरूम आपोआप बारीक जाळी दाखवते, ती याचसाठी. मात्र साताऱ्यासारख्या डोंगराळ मुलखात जाळीची आडवी रेघ पुष्कळदा फसवते. कण्हेर धरणाच्या पाण्याची पलीकडची कड फोटोत तिरकी दिसते, कारण तो काठ आपल्यापासून तिरका दूर जात असतो. ती कड जाळीला समांतर केली की सगळे डोंगर कलतात. अशा वेळी मी उभ्या रेघांवर विश्वास ठेवतो. कॅमेरा वर किंवा खाली फारसा झुकलेला नसेल, तर पाण्याकाठची कोणतीही वस्तू आणि तिचे प्रतिबिंब एकाच उभ्या रेघेत असतात. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, संथ पाण्यात, मंदिराच्या शिखराचे टोक आणि त्याच्या प्रतिबिंबाचे टोक यांवर जाळीची एक उभी रेघ धरली की फोटो किती कलला आहे ते लगेच कळते. माझ्या एका फोटोत तो कल जेमतेम दीड अंशाचा होता. पण तेवढ्यानेही घाटाच्या पायऱ्या कृष्णेत घसरत असल्याचा भास होत होता.

लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीत पायऱ्या उतरताना समोर कमान येते, तेव्हा तृतीयांशाचा विचारच करू नये. त्या बांधकामाने मध्य स्वतः आखून दिला आहे, आणि कमानीचा मध्यबिंदू चौकटीच्या मध्यरेषेपासून एक बोटभर सरकला तरी डोळ्याला खटकते. लाइटरूमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मध्याचा ओव्हरले आहे आणि गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्येही मध्यरेषा दाखवण्याची सोय आहे. तो निवडावा आणि पुढे जावे.

सुवर्ण गुणोत्तराविषयी, म्हणजे सुमारे 1:1.618 या प्रमाणाविषयी, फार बोलले जाते, म्हणून दोन आकडे देतो. 6000 पिक्सेल रुंदीच्या फोटोत तृतीयांशाची रेघ 2000 पिक्सेलवर येते आणि सुवर्ण गुणोत्तराची सुमारे 2292 वर. म्हणजे फरक रुंदीच्या पाच टक्क्यांहून कमी आहे. दोन माणसांच्या फोटोत, चेहरे जवळजवळ असतील तर, मला ही आत ओढलेली रेघ अधिक बरी वाटते. त्याच गुणोत्तरावर बेतलेल्या वळणदार रेघेचा, म्हणजे सुवर्ण सर्पिलाचा, ओव्हरले शिफ्ट आणि ओ दाबून हवा तसा फिरवता येतो, पण मला त्याचा प्रत्यक्ष उपयोग क्वचितच झाला आहे.

याउलट, ज्याची चर्चा फारशी होत नाही तो गुणोत्तरांचा ओव्हरले मला सर्वांत जास्त वाचवतो. त्यात 3:2, 4:5, 1:1 अशा अनेक प्रमाणांच्या चौकटी एकाच फोटोवर एकदम दिसतात. घरोघरी भिंतीवर लागणारी 8 बाय 10 इंचांची फ्रेम 4:5 प्रमाणाची असते, आणि 3:2 चा फोटो त्यात बसवताना लांब बाजूचा सहावा हिस्सा, म्हणजे 6000 पैकी 1000 पिक्सेल, जातो. लग्नातील कुटुंबाच्या फोटोत टोकाला उभी असलेली करवली किंवा मामा याच हिश्शात असतात. लॅबला फाइल देण्याआधी हा ओव्हरले लावला, तर कोण कापले जाणार हे प्रिंट हातात येण्यापूर्वीच कळते.

आता मी क्रॉप लाइटरूममध्येच करतो, कारण तेथे कापलेला भाग नष्ट होत नाही आणि आर दाबून पुन्हा पूर्ण चौकट उघडता येते. प्रथम कोणताही ओव्हरले न लावता चारही कोपरे एकेक करून पाहतो, आणि खालचा डावा कोपरा सर्वांत आधी पाहतो. मग रेघा आणतो. शेवटचा निर्णय घेताना त्या पुन्हा बंद करतो, कारण रेघा दिसत असताना डोळा फोटोऐवजी जाळीच पाहत राहतो, हे मी स्वतःपुरते वारंवार अनुभवले आहे.

आत्याच्या मोबाइलमधील ती 1600 पिक्सेलची प्रत मी अखेरीस 6 बाय 4 इंचांवर छापून घेतली. प्रमाण तेच असल्याने कोणतीही कड कापावी लागली नाही. तेवढ्या आकारात ती स्त्री जेमतेम करंगळीच्या पेराएवढी दिसते. आत्याने मोठी प्रिंट मला परत दिली आणि ही छोटी देव्हाऱ्याशेजारी, विठ्ठल-रखुमाईच्या तसबिरीला टेकवून ठेवली आहे.