समानार्थी शब्दांची नोंदवही, तिसरी नोंद: ‘कमॉडिटी’

मालवाचक इंग्रजी शब्दांच्या नोंदवहीतील ‘गुड्स’ आणि ‘मर्चंडाइज’ या दोन नोंदी पूर्ण झाल्या असून गेले पाच आठवडे ‘कमॉडिटी’ या एकाच शब्दावर गेले. पहिल्या वाचनात या शब्दापुढे मी ‘माल, वस्तू, जिन्नस’ एवढेच लिहून पान उलटले होते. ते पान आता रद्द केले आहे; हे तिन्ही शब्द चुकीचे होते असे नव्हे, परंतु त्यांपैकी कोणता शब्द कोठे चालतो आणि कोठे अडतो याचा उल्लेख नसेल, तर अशा नोंदीचा उपयोग फारच थोडा.

व्युत्पत्तीचे काम तुलनेने लवकर झाले. लॅटिनमधील ‘मोडस’ म्हणजे माप. त्यावरून ‘कॉमोडस’ म्हणजे योग्य मापाचा, सोयीचा. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा ‘कमॉडिटी’चा एक ठळक अर्थ सोय किंवा लाभ असा होता. हेन्री वॉटन या इंग्रज लेखकाने १६२४ मध्ये चांगल्या इमारतीच्या तीन अटी सांगताना ‘कमॉडिटी’ला ‘फर्मनेस’ आणि ‘डिलाइट’ यांच्या पंक्तीला बसवले आहे आणि तेथे तिचा अर्थ उपयुक्तता असा आहे, विक्रीच्या मालाशी तिचा संबंध नाही. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’ नाटकात तर हाच शब्द निव्वळ स्वार्थ या अर्थाने येतो. सोय, सोयीतून लाभ आणि लाभ देणारी वस्तू असा हा प्रवास आहे. ‘गुड्स’चीही वाट अशीच आहे, कारण जे चांगले तेच मालमत्ता ठरले. संस्कृतातील ‘वसु’ या शब्दातही चांगले आणि धन हे दोन्ही अर्थ नांदतात, तर ‘अर्थ’ या शब्दात प्रयोजन आणि संपत्ती एकत्र आली आहेत. ही साम्ये मी वहीच्या समासात मुद्दाम नोंदवली आहेत.

खरा वेळ गेला तो आजच्या व्यापारी अर्थावर. शिकागोचे धान्य व्यापार मंडळ १८४८ मध्ये स्थापन झाले. त्याआधी आणि त्यानंतरही काही काळ धान्य पोत्यांतून येत असे. प्रत्येक पोते कोणाचे आहे हे ठाऊक असे आणि विकले जाईपर्यंत ते त्याच मालकाचे राही. रेल्वे आणि धान्याची उंच कोठारे आल्यावर निरनिराळ्या शेतकऱ्यांचा गहू एकाच कोठीत ओतणे सोयीचे झाले, पण त्यासाठी आधी प्रतवारी ठरवणे भाग होते. १८५६ मध्ये मंडळाने गव्हाचे वर्ग निश्चित केले. त्यानंतर कोठारात गहू टाकणाऱ्याला आपलेच दाणे परत मिळत नसत, तर त्याच प्रतीचा तितकाच गहू मिळवून देणारी पावती मिळे, आणि ती पावतीही खरेदी-विक्रीस योग्य ठरली. १८६५ मध्ये वायद्याचे करारही प्रमाणित झाले. माझ्या मते ‘कमॉडिटी’चा आजचा गाभा याच घडामोडीत सापडतो: ज्या मालाची ओळख उत्पादकाच्या नावावरून होत नाही, प्रतीवरून होते आणि ज्याचा एक भाग दुसऱ्याच्या जागी बिनदिक्कत देता येतो, तो माल. गहू, तांबे आणि कच्चे तेल येथे बसतात. हाताने घडवलेली खुर्ची विक्रीला असली तरी बसत नाही, तिला ‘मर्चंडाइज’ म्हणावे लागते.

यानंतर मी प्रत्येक पर्याय एकाच वाक्यात बदलून पाहिला. ‘वेळ ही दुर्मीळ कमॉडिटी आहे’ हे इंग्रजीत सहज म्हटले जाते, पण तेथे ‘गुड्स’ किंवा ‘मर्चंडाइज’ घातले की वाक्य मोडते. व्याकरणही वेगळे आहे. ‘कमॉडिटी’ एक-दोन अशी मोजता येते, ‘गुड्स’ बोलण्यात अनेकवचनीच राहतो (‘एक गुड’ हा प्रयोग बहुधा अर्थशास्त्रातच आढळतो), आणि ‘मर्चंडाइज’ सामान्यतः मोजला जात नाही. मराठीतही आपण ‘चार वस्तू’ म्हणतो, ‘चार माल’ म्हणत नाही. त्यामुळे मोजता येणाऱ्या ‘कमॉडिटी’साठी ‘माल’ हा पर्याय मी दुसऱ्या क्रमांकावर ढकलला.

सर्वांत आनंद ‘जिन्नस’ या शब्दाने दिला. अरबी ‘जिन्स’ म्हणजे प्रकार, जात. त्याचे मूळ ग्रीक ‘गेनोस’पर्यंत जाते. म्हणजे नगाने न ओळखता जातीने ओळखावा असा माल, आणि शिकागोच्या कोठारातला गहू नेमका तसाच होता. मात्र आजच्या मराठीत ‘जिन्नस’ म्हणजे बहुधा एखादी सुटी वस्तू, त्यामुळे व्युत्पत्ती कितीही जुळली तरी तो मी पहिला पर्याय म्हणून देऊ शकत नाही. बाजाराच्या संदर्भात ‘प्रतवारीचा माल’ असे स्पष्टीकरण देऊन ‘कमॉडिटी’ हाच रूढ शब्द ठेवला आहे.

मार्क्सच्या अर्थासाठी वेगळे उपकलम करावे लागले. त्याच्या १८६७ च्या जर्मन ग्रंथात ‘वारे’ हा शब्द आहे, जो इंग्रजी ‘वेअर’चा (विक्रीचा माल) सख्खा नातेवाईक, तरीही १८८७ च्या इंग्रजी भाषांतरात ‘कमॉडिटी’च निवडली गेली. येथे भर प्रतीवर नाही, विनिमयासाठी निर्माण होण्यावर आहे. मराठीत यासाठी ‘क्रयवस्तू’ वापरतात, परंतु ‘क्रय’ म्हणजे केवळ खरेदी. ‘पण्यवस्तू’ मला अधिक नेमका वाटतो, कारण ‘पण्य’मध्ये सौदा आहे आणि त्याचे भावंड ‘पणन’ आजही वापरात आहे. वहीत दोन्ही शब्द ठेवले असून पसंती ‘पण्यवस्तू’ला दिली आहे.

पुढची नोंद ‘चॅटल’ची, म्हणजे जंगम मालमत्तेची, असेल. तिच्या मुळाशी लॅटिन ‘कापिताले’ आहे आणि ‘कॅटल’ व ‘कॅपिटल’ हे शब्दही त्याच मुळाचे आहेत, त्यामुळे समोरच्या पानावर ‘पशुधन’ या शब्दासाठी जागा आताच मोकळी सोडली आहे.