गोव्यात शांत बेट शोधताना: दिवाडीपासून गालजीबागपर्यंत

बेटावर राहायचं आणि दारातच वाळूचा किनाराही हवा, अशी इच्छा धरून गोव्यात आलात तर पहिली अडचण भूगोलाची येते. इथली वस्तीची बेटं नदीत आहेत. दिवाडी आणि चोडण मांडवीच्या पात्रात आहेत. त्यांच्या काठाला चिखल, खारफुटी आणि खाजन शेतीचे, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांचे, बांध आहेत, पोहण्याजोगी वाळू नाही. समुद्रातल्या बेटांवर मुक्काम होत नाही. अंजदीव नौदलाच्या ताब्यात असल्यामुळे पर्यटकांना बंद आहे. वास्कोसमोरच्या ग्रँड आयलंडला सकाळी स्नॉर्केलिंगच्या बोटी जातात आणि दुपारी परततात. हंगामात तिथे एकाच ठिकाणी इतक्या बोटी नांगर टाकतात की शांततेसाठी तिकडे जाण्यात अर्थ नाही.

म्हणून आम्ही सहलीचे दोन भाग करायला सांगतो. आधी एक-दोन रात्री दिवाडीवर, मग उरलेले सगळे दिवस दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या किनाऱ्यावर.

दिवाडीला जुन्या गोव्यातून जावं. व्हाइसरॉयच्या कमानीजवळच फेरीबोटीचा धक्का आहे. पायी जाणाऱ्याला भाडं पडत नाही आणि नदी काही मिनिटांत पार होते. पलीकडे उतरल्यावर मात्र रस्ता शेतांमधून जातो, सावली जवळजवळ नाही, त्यामुळे दुचाकी बोटीत घालून नेणं उत्तम. पिएदाद गावातल्या टेकडीवरच्या चर्चपासून मांडवी आणि पलीकडची जुन्या गोव्याची शिखरं एका नजरेत येतात. बेटाच्या दुसऱ्या बाजूची फेरी नार्वेला नेते. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ पोर्तुगीज काळात पाडलं गेलं, देव नार्वेला हलवले गेले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. हे देऊळ चुकवू नका. दिवाडीला पूल नाही, तेव्हा रात्रीच्या शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावरच विचारून ठेवा. ऑगस्टचा चौथा शनिवार बोंदेरामचा असतो. तो उत्सव पाहायचा असेल तरच त्या दिवशी जा, एरवी टाळा.

चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात होडीने फिरायचं असेल तर भरतीची वेळ धरा. अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं आहे आणि खारफुटीतल्या चिंचोळ्या वाटांमध्ये ओहोटीला होडी चिखलात रुतते.

आता समुद्र. काणकोणला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत. न थांबणाऱ्या गाडीने मडगावला उतरून कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस पकडावी. बस काणकोणच्या चावडी नावाच्या बाजारात सोडते आणि तिथून पाळोळेचा किनारा दोन-तीन किलोमीटरवर आहे. विमानाने येणार असाल तर दाबोळीचं तिकीट बघा. मोपाचा दुसरा विमानतळ गोव्याच्या पार उत्तर टोकाला आहे, तिथून काणकोणपर्यंत जवळपास शंभर किलोमीटर पडतात आणि टॅक्सीच्या भाड्यात विमानाच्या तिकिटातली बचत संपते.

किनारा निवडताना फोटोंपेक्षा वाळूचा उतार आणि नदीची मुखं बघावीत. पाळोळेचा किनारा अर्धगोल आणि उथळ आहे, लाटा मोडून येतात, म्हणून लहान मुलांसाठी तोच बरा. पण गर्दीही तिथेच. दक्षिणेला पाटणे त्याहून निवांत आहे. आगोंदचा किनारा सुमारे तीन किलोमीटर लांब, एकदम मोकळा, पण उतार तीव्र. भरतीला लाट थेट काठावर आपटते आणि परतताना पाय ओढते. गालजीबाग सगळ्यांत शांत: उत्तरेला तळपण नदी, दक्षिणेला गालजीबाग नदी, मध्ये सुरूच्या बनाची पट्टी. शांत असण्याचं मोठं कारण म्हणजे तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि त्यामुळे किनाऱ्यावरचं बांधकाम, दिवे आणि आवाज यांच्यावर बंधनं आहेत. दोन्ही नद्यांच्या मुखांजवळ मात्र पाण्यात उतरू नका, ओहोटीला नदीचं आणि समुद्राचं पाणी एकत्र बाहेर धावतं.

बेटाची हौस पाळोळेच्या उत्तर टोकाला थोडी भागते. तिथल्या छोट्या झाडीच्या बेटावर ओहोटीला चालत जाता येतं. वेळ काढायची कोकणातली जुनी रीत इथेही चालते. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास. परतताना अंधार गाठतो. त्यापेक्षा द्वितीया-तृतीया धरावी. भरती दीड ते सव्वादोनच्या सुमारास, ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठला आणि पाणीही अजून उधाणाचं, म्हणजे चांगलं उतरलेलं. सप्तमी-अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती-ओहोटी असते, तेव्हा वाट पुरती उघडी पडेलच असं नाही. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या उतरत नाहीत, म्हणून हिशेब झाल्यावरही होडीवाल्याला विचारा.

लोक अडकतात ते पाणी चढण्याचा वेग ठाऊक नसल्यामुळे. पूर्ण ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याइतकं वाढतं, त्यामुळे अजून बराच वेळ आहे असं वाटतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मा चढ होतो. उधाणाला इथे भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे त्या दोन तासांत मीटरभर पाणी. ओहोटीच्या आधी अर्धा तास निघा आणि नंतरच्या तासाभरात परत या. खडकांवरची कालवं पाय कापतात. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घाला, साध्या चपला शेवाळावर सटकतात.

पोहताना लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधलीच जागा धरा. नुसता लाल झेंडा असेल तर उतरायचं नाही. जीवरक्षकांची ड्युटी संध्याकाळी सहाच्या सुमारास संपते, त्यानंतर पाणी सोडा. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत आणि गढूळ दिसला तर तिथूनच पाणी बाहेर ओढलं जात असतं. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. सापडलात तर काठाकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या आणि मग वळा.

मुक्कामाच्या खोपट्या तात्पुरत्या असतात. पावसाआधी, मे अखेरीस, त्या उतरवतात आणि ऑक्टोबरपासून पुन्हा उभारतात. म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलात तर शांततेऐवजी हातोड्यांचा आवाज ऐकू येईल. आमच्या मते नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारी संपेपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. नाताळ ते नववर्ष भाडं चढतं आणि शांतता हरवते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मोठ्या माशाची आशा ठेवू नका.

बुकिंगच्या आधी फोन करून विचारा: खोली किनाऱ्यापासून किती पावलांवर, शेजारी संगीत वाजवणारा शॅक आहे का, आणि रात्री समुद्राकडचे दिवे बंद करता येतात का. शेवटचा प्रश्न कासवांसाठी. अंड्यांतून साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात; किनाऱ्यावर दिवा असेल तर समुद्र सोडून रस्त्याकडे वळतात. रात्री वाळूत चालताना मोबाइलचा टॉर्चही लावू नका.

दुचाकी भाड्याने घेताना नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी भाड्याची असते. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्त मिळते, पण पोलिसांनी थांबवलं तर त्रास तुम्हालाच होतो, आणि अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न उभा राहतो.