1908 चं बेसबॉल गाणं आणि बेरजेत गेलेला आवाज

फाइल सुरू केली तर जवळजवळ नुसती खरखर होती. तिच्या तळाशी एक पुरुषी आवाज आणि बँडचे अधूनमधून ऐकू येणारे फुंकर-सूर. ध्वनिमुद्रण होतं एडवर्ड मीकरने 1908 साली एडिसनच्या सिलेंडरवर (खाचा कोरलेल्या मेणाच्या पोकळ नळीवर) गायलेल्या 'टेक मी आउट टू द बॉल गेम'चं. हे गाणं जॅक नॉरवर्थने लिहिलं, चाल अल्बर्ट फॉन टिल्झरची. गाणं केलं तेव्हा दोघांपैकी एकानेही मोठ्या लीगचा सामना मैदानात जाऊन पाहिलेला नव्हता. मीकरचं हे मुद्रण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या 2010 च्या यादीत घेतलं आहे. असं मुद्रण इतकं क्षीण कसं?

कोणी तरी आधी करून ठेवलेलं हे रूपांतर होतं. फाइलमध्ये डावी-उजवी अशा दोन वाहिन्या होत्या, पण एकीतून दुसरी वजा केल्यावर पूर्ण शांतता उरली. म्हणजे दोन्ही तंतोतंत सारख्या, आधीच बेरीज करून मोनो (एकच वाहिनी) केलेल्या. दोष इथेच होता.

व्हिक्टरसारख्या कंपन्यांच्या तबकडीत सुई आडवी, डावी-उजवीकडे हलते. एडिसनच्या सिलेंडरमध्ये ती वर-खाली हलते; आवाज खाचेच्या खोलीत असतो. स्टिरिओ कार्ट्रिजची, म्हणजे सुईची हालचाल विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाची, जोडणी अशी असते, की आडव्या हालचालीचे संकेत दोन्ही वाहिन्यांत एका दिशेने येतात आणि उभ्या हालचालीचे उलट दिशेने. तबकडीच्या सवयीने बेरीज केली की सिलेंडरवरचं गाणं स्वतःलाच खोडून टाकतं आणि आडवी खरखर मात्र शाबूत राहते. थोडा आवाज उरला होता तो कार्ट्रिजच्या दोन बाजू कधीच शंभर टक्के सारख्या नसतात म्हणून.

वेगही चुकला होता. या सिलेंडरला एक केसासारखी चीर होती, त्यामुळे दर फेऱ्याला एक 'टक'. एडिसनच्या साच्यातल्या सिलेंडरचा वेग तोवर मिनिटाला 160 फेरे असा ठरलेला होता, म्हणजे तीन सेकंदांत 8 टक. फाइलमध्ये 80 टक 30 ऐवजी 29 सेकंदांत संपत होते. सूर अर्ध्या सेमिटोनहून (सेमिटोन म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर) थोडा चढलेला. चीर असलेला सिलेंडर कोणालाच आवडत नाही, पण वेग मोजायला याच्याइतकं सोपं साधन नाही.

नशिबाने मूळ सिलेंडर सोबत आला होता. तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तसाच ठेवला. मेण थंड-गरम होताना तडकतं. उचलताना दोन बोटं आत घालून ती पसरायची, बाहेरच्या खाचांना हात लावायचा नाही. ज्या दांड्यावर तो बसतो तो निमुळता असतो. जोर लावला की नळी फुटते, आणि इथे तर चीर आधीच होती; म्हणून हलकेच टेकला तिथे थांबायचं. पृष्ठभागावर बुरशीचे पांढरट ठिपके होते. मऊ कोरड्या ब्रशने वरची धूळ काढली. अल्कोहोल मेणाला लावायचंच नाही. बुरशीने मेण खाल्लेलं असतं. तिथला आवाज कुठल्याही सफाईने परत येत नाही.

दोन मिनिटांच्या सिलेंडरवर इंचाला 100 खाचा. त्यासाठी सुईच्या गोल टोकाची त्रिज्या 0.23 ते 0.30 मि.मी. लागते. एलपीची सुई याच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक. ती खाचेच्या तळाशी भटकते. टोकं बदलून ऐकली आणि जुन्या यंत्राने झिजवलेल्या पट्ट्याला जे टोक सर्वांत कमी टेकत होतं ते ठेवलं. प्रीअँप (सुईचा क्षीण संकेत वाढवणारं यंत्र) पूर्ण सपाट, म्हणजे कुठलाही स्वर कमी-जास्त न करणारा. एलपी वाजवताना खर्ज वाढवून वरचे स्वर दाबणारी आरआयएए दुरुस्ती इथे लागू केली तर खर्ज फुगतो आणि आधीच कमी असलेली वरची पट्टी आणखी दबते.

मग दोन वाहिन्यांचा तोल. आधी मुद्दाम बेरीजच ऐकायची आणि एका वाहिनीची पातळी हळूहळू फिरवत मीकरचा आवाज जिथे सर्वांत क्षीण होतो ती जागा पकडायची. त्यानंतर एका वाहिनीची ध्रुवता, म्हणजे संकेताची दिशा, उलटवायची. तसं केल्याबरोबर गायक समोर आला आणि खरखर निम्म्याहून कमी वाटू लागली.

आता शब्दही कळत होते. मैदानात सातव्या डावाच्या मध्यंतरात लोक फक्त ध्रुवपद गातात, तेही समालोचक हॅरी केरीने 1976 मध्ये शिकागोत माइकवरून गायला सुरुवात केल्यानंतर फार पसरलं. बेसबॉलवेडी कॅटी केसी कडव्यात आहे. नॉरवर्थने 1927 च्या आवृत्तीत तिचं नाव बदलून नेली केली केलं. म्हणून 1908 ची मुद्रणं जपायची, नाहीतर लोकांना ही मुलगी माहीतच नसते.

टक एकेक करून हाताने काढले. खरखर कमी करणारं सॉफ्टवेअर जपून वापरलं. कर्ण्यात गाऊन केलेल्या मुद्रणात, म्हणजे 1925 आधीच्या मायक्रोफोनविना कामात, वरचे स्वर मुळातच फार वर जात नाहीत; जास्त चाळलं तर 'स' आणि 'क' खरखरीबरोबरच जातात.

जतनाची फाइल 96 किलोहर्ट्झ, 24 बिट, दोन वाहिन्या वेगळ्या, काहीही न काढता. ऐकण्याची मोनो प्रत निराळी. जुन्या फाइलचा वेग दुरुस्त करता आला असता, आरआयएए लागली असती तर तीही उलटवता आली असती. बेरजेत गेलेला आवाज मात्र त्या फाइलमधून काढता येत नाही, त्यासाठी सिलेंडरच पुन्हा लावावा लागतो.