आमची वाटचाल : गोदाम गेलं, कागद वाढले

नागपुरात भीमगीतं, ताजबाग दर्ग्याच्या कव्वाल्या आणि खडी गंमत हे विदर्भातलं लोकनाट्य रेकॉर्ड करणाऱ्या आमच्यासारख्या लहान कंपन्यांचं वर्ष एकेकाळी दसऱ्याभोवती फिरायचं. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला चार गाणी, डबीतल्या कव्हराची म्हणजे इनलेकार्डाची छपाई, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी माल दीक्षाभूमीच्या रस्त्यावरच्या स्टॉलांवर. न खपलेले गठ्ठे दिवाळीनंतर परत येत आणि भांडवल त्यात अडकून पडे. पुढे एमपी३ सीडी आल्या, मग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली आणि विक्रीच आटली. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. आता गोदाम लागत नाही, पण माइकसमोर जातो त्याहून जास्त वेळ टेबलावर जातो.

जुनी गाणी ऑनलाइन आणताना पहिला अडसर करारांचा. पूर्वी गीतकाराला एकरकमी पैसे देऊन व्हाउचरवर सही घेतली की व्यवहार संपला. कॉपीराइट कायद्यात मात्र करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. गाणं तर ऑनलाइन जगभर वाजतं. म्हणून गीतकाराकडे, तो हयात नसेल तर सगळ्या वारसांकडे जाऊन नवा कागद करायचा. एका वारसाची सही राहिली की गाणं बाजूला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा पक्का केला. करार झाला त्या वेळी नसलेलं माध्यम त्यात नाव घेऊन लिहिलं नसेल, तर त्या माध्यमाचे हक्क मिळत नाहीत, हीही तरतूद त्यातलीच. नव्या कागदात स्ट्रीमिंग, कॉलर ट्यून, व्हिडिओ, रील असं सगळं वेगवेगळं लिहावं.

मूळ मास्टर, म्हणजे ज्यावरून कॅसेटी काढल्या ती पहिली प्रत, सापडला तर नशीब, बहुतेकदा हाती कॅसेटच येते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या कॅसेटचं कवच वाकतं, फितीमागच्या नमद्याचा गोंद सुटतो आणि आवाज दबतो. फीत स्क्रूवाल्या नव्या कवचात घालायची, डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि हेडचा कोन दर कॅसेटला नव्याने लावायचा. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र, म्हणजे मोनो, करून हेडचा स्क्रू हळूहळू फिरवावा, झांज सर्वांत उजळ ऐकू येईल तिथे थांबावं. वेग तपासायला पेटी कामी येते. पेटी काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे पट्टीच नसलेल्या जागी, वाजत असेल, तर डेकचा किंवा मूळ डबिंगचा वेग चुकलेला असतो. फरक अगदी थोडा असेल तर हात लावू नये, जुन्या पेट्या चढ्या लावलेल्याही असत. फाइल २४ बिटची घ्यावी. खरखर काढायचं सॉफ्टवेअर बेतानेच वापरावं, जास्त झालं की दिमडी आणि झांज पाण्याखाली वाजल्यासारखी ऐकू येते. थोडी खरखर परवडली.

डीजेवाल्यांना आवाज ठासून भरलेला हवा असतो. स्पॉटिफाय आणि यूट्यूब मात्र साधारण उणे १४ लफ्सच्या (लफ्स म्हणजे गाणं एकूण किती मोठ्याने वाजतं ते मोजायचं एकक) वरचं गाणं स्वतःच खाली आणतात. उणे ८ ला ठासलेलं गाणं ६ डेसिबलने उतरतं, आणि ढोलकीची थाप आधीच चेपलेली असल्यामुळे शेजारच्या गाण्यापेक्षा मरगळलेलं वाटतं. म्हणून मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम फाइल, दोन करायचे, एक वरातीचा आणि एक ऑनलाइनचा. ऑनलाइनच्या मास्टरमध्ये ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये.

सर्वांत जास्त गाणी अडकतात ती मात्र नावांवर. गायकाच्या नावाचं रोमन स्पेलिंग एका अक्षराने बदललं, किंवा एकदा ‘शाहीर’ लावलं आणि एकदा गाळलं, की ॲपवर त्याची दोन पानं तयार होतात. त्याच नावाचा दुसरा गायक असला तर गाणं थेट त्याच्या पानावर जातं. त्यामुळे अपलोड करताना नाव नुसतं टाइप न करता कलाकाराच्या पानाची लिंक जोडावी. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. आमच्याकडच्या इनलेवर निर्मात्याचा फोन नंबर ठळक असायचा, आता तो दिसला की कव्हर नाकारलं जातं. आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक रेकॉर्डिंगला जन्मभर चिकटतो, रीमिक्सला नवा घ्यावा लागतो.

यूट्यूबच्या कंटेंट आयडीचं, म्हणजे नोंदवलेलं गाणं दुसऱ्याच्या व्हिडिओत ओळखणाऱ्या यंत्रणेचं, वेगळंच. ढोलकीचा विकतचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार तुकडा, दहा स्टुडिओंनी वापरलेला असतो, त्यातल्या एकाने गाणं नोंदवलं की बाकी नऊ जणांवर दावे येतात. लूप असलेलं गाणं तिथे नोंदवूच नये.

दसऱ्याचं गाणं आम्ही चार आठवडे आधी चढवतो. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी ते निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं, आणि कव्हर एकदा परत आलं तर तेवढी सवड हवीच.

पैशाबद्दल गैरसमज फार. दर ऐकण्याला ठरलेला भाव नसतो, महिन्याच्या एकूण जमेत वाटा मिळतो. स्पॉटिफायवर तीस सेकंदांच्या आत गाणं सोडलं तर ते मोजलं जात नाही, म्हणून हल्ली मिनिटभराचा आलाप कापायला सांगतात. नव्या गाण्यात ठीक आहे, जुन्या कव्वालीत आम्ही तो कापत नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. हिशेब दोन-तीन महिन्यांनी येतो, म्हणजे १४ एप्रिलच्या जयंतीत वाजलेल्या गाण्याचे पैसे पावसाळ्यात.

आपली गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारा डिस्ट्रिब्युटर बदलायचा असेल तर आधी नव्याकडे तीच फाइल, तोच आयएसआरसी आणि तीच नावं देऊन गाणं चढवावं, ते दिसू लागल्यावरच जुन्याकडून उतरवावं. उलट केलं तर ऐकण्याचे जुने आकडे सहसा जातात आणि गाणं प्लेलिस्टमधूनही गळतं.