मानकऱ्यांचा फळा

गिरगावातल्या आमच्या चाळीत गणपतीचे दहा दिवस म्हणजे मास्तरांचं राज्य. शाळेशी त्यांचा संबंध नव्हता. नाटक बसवायचे म्हणून मास्तर. सत्तरच्या दशकात, मी परकर-पोलक्यात होते तेव्हा, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या तालमींना मुलींना घरून कोण सोडणार? मग नायिका मास्तरच. नऊवारीचा काष्टा स्वतः घालत, अंबाड्याला खरा गजरा लागे. दाढीच्या हिरवट जागेवर पॅनकेकचा दुसरा हात फिरवायचे, तेव्हा आम्ही पोरं पडद्याच्या फटीतून आ वासून बघायचो. एन्ट्रीला शिट्ट्या पडत. सकाळी नळावर त्याच तोंडांतून ‘बायल्या’ निघे, तेही मास्तर बादली घेऊन पुढे गेल्यावर.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी डोंबिवलीहून त्यांचे मित्र येत. वर्षानुवर्षं येत राहिले तरी चाळीच्या लेखी ते ‘मास्तरांचे पाहुणे’च. आई दोघांना मोदक पाठवायची, एकाच ताटात, वर तुपाची वाटी. कळत सगळ्यांना होतं. बोलायचं नाही, एवढंच. जुनी मंडळी अजून त्याला समजूतदारपणा म्हणतात. मला विचाराल तर त्यात चाळीचीच सोय जास्त होती. नायिका फुकट मिळत होती, रांगोळी मिळत होती, सत्यनारायणाच्या शिऱ्याचा सव्वाचा हिशोब न चुकता मिळत होता. पूजेला मात्र त्या वर्षी लग्न झालेलं जोडपं बसायचं. मास्तर चौरंगाला केळीचे खांब बांधून बाजूला होत.

२००८ पासून ऑगस्ट क्रांती मैदानातून क्विअर आझादी मार्च, म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी मंडळींचा हक्कांसाठीचा मोर्चा, निघू लागला. मैदान चाळीपासून चालत जाण्यासारखं. पोरं आधी गंमत बघायला गेली, मग एकदोघं खरंच चालायला. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयानं दिलेला दिलासा २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं काढून घेतला, त्याची मात्र चाळीत कुणाला दखलही नव्हती. ६ सप्टेंबर २०१८ला तसं झालं नाही. गणपती आठवड्यावर आलेले, थर्माकोलवर बंदी, म्हणून पुठ्ठ्याचं मखर चाललेलं. एका पोरीनं मोबाइलवर बघून ओरडून सांगितलं, दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं नातं आता गुन्हा नाही. सगळे नकळत मास्तरांकडे बघायला लागले. ते म्हणाले, “बरं झालं. तो डिंक सरकव इकडे, वाळतोय.”

मग दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा नातू बंगळुरूहून आला. सोबत एक तमिळ मुलगा. “आजी, हा माझा पार्टनर.” आजींनी चष्मा वर केला, त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, “तुमच्यात मोदक करतात का रे?” त्यानं कोळुकट्टईचं वर्णन सुरू केलं, आणि अख्खा मजला सारणात वेलची किती यावर भांडायला लागला. अर्थात पाहुण्यासारखं चार दिवस येणाऱ्यांना चाळ सांभाळून घेते. इथेच खोली भाड्यानं मागितली असती तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही.

२०२३ साली नवरात्राच्या तिसऱ्या माळेला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत आजी उठल्या. नातवाला आणि त्याच्या जोडीदाराला पूजेला बसवा म्हणाल्या. कार्यवाह खाली बघत म्हणाले, “पूजेला लग्नाचं जोडपं लागतं, आजी.” तासभर घोळ चालला. पूजेचं काही जमलं नाही. रविवारच्या आरतीचा मान दोघांना द्यायचं ठरलं. मानकऱ्यांचा फळा वर्षानुवर्षं मास्तरच लिहितात. त्यांनी खडू उचलला आणि विचारलं, “दोन्ही नावं एका ओळीत ना?”

कुणी काही बोलायच्या आत खजिनदारांनी पावतीपुस्तक उघडलं. “एका ओळीत लिहा नाहीतर दोन ओळींत. नावं दोन, तर वर्गणीही दोन.”

आजींनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि पहिल्यांदा भाव करायला सुरुवात केली.